नकाशा महापालिकेत अडकलाय, साठ दिवस उलटले. काम सुरू करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या गावठाणातलं वडिलोपार्जित घर, जागा साधारण चारशे चौरस मीटर, मिळकत तीन भावांच्या नावावर. घर पाडून तळमजला आणि वर तीन मजले बांधायचे आहेत. आर्किटेक्टमार्फत महापालिकेकडे अर्ज देऊन पाच महिने झाले. दर वेळी नवी क्वेरी (त्रुटी दाखवणारी विचारणा) निघते. कुणीतरी सांगितलं की साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदाच मानतो. मग काम सुरू करावं का? आणि तोवर जुनं घर उतरवून ठेवावं का?

दोन्ही करू नका. कारणं सविस्तर सांगतो, आणि त्याऐवजी काय करायचं तेही.

साठ दिवसांची गोष्ट खोटी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे ज्याला आपण सगळे एमआरटीपी म्हणतो, त्याच्या कलम ४५ च्या पोटकलम ५ मध्ये ती आहे. नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर एकसष्टाव्या दिवशी परवानगी दिली गेली असं मानायचं. ही मानीव परवानगी. पण त्याच पोटकलमात दोन गोष्टी आणखी लिहिल्या आहेत, आणि चहाच्या टपरीवर सल्ला देणारे त्या कधी सांगत नाहीत. पहिली म्हणजे साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा महापालिकेने मागितलेल्या माहितीला तुम्ही उत्तर दिलं त्या तारखेपासून मोजायचे, आणि यांतली जी तारीख नंतरची असेल ती धरायची. म्हणजे क्वेरी निघाली, तुम्ही उत्तर दिलं, की मोजणी पुन्हा एकपासून. पाच महिन्यांत तीन क्वेऱ्या निघाल्या असतील तर तुमचे साठ दिवस कदाचित एकदाही भरलेले नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांत तंतोतंत बसणारा हवा. मानीव परवानगीच्या जोरावर बांधलं आणि पुढे एका बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, दहा सेंटिमीटर कमी निघालं, तर ते बांधकाम अनधिकृत धरून कलम ५२ ते ५७ लागू होतात. नोटीस, खटला, पाडकाम, सगळं त्यात आलं. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती बसू शकते.

आता तुमचा नकाशा तंतोतंत नियमात आहे हे कोण ठरवणार? ज्यांनी उत्तर दिलं नाही तेच. म्हणून मानीव परवानगी हे पत्रात लिहायचं वाक्य आहे, तिच्यावर पाया खोदू नये. आणि व्यवहाराची बाजू बघा. गृहकर्ज देणारी बँक बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत मागते, 'साठ दिवस झाले' हे उत्तर तिला चालत नाही. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणीला निरीक्षक बोलवावा लागतो. तो कुठल्या मंजूर नकाशाशी ताडून बघणार? पुढे भोगवटा (राहायला जाण्याचा दाखला), नळजोड, वीजमीटर, प्रत्येक ठिकाणी तोच कागद लागतो.

मग महापालिका विलंब हाताळते तरी कसा? माझ्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. फाइल आपल्या टेबलावर किती दिवस होती एवढंच कार्यालय मोजतं. अर्जदार किती दिवस थांबला हे कुणी मोजत नाही. सत्तावन्नाव्या दिवशी क्वेरी काढून फाइल परत पाठवली की टेबल स्वच्छ आणि हिशेबात विलंब शून्य. यात दर वेळी बदमाशी असते असं नाही. एका उपअभियंत्याकडे अर्धं शहर असतं, त्यात न्यायालयाच्या तारखा, अतिक्रमणाच्या मोहिमा, आमदारांचे फोन. पण तुमच्या दृष्टीने परिणाम एकच: महापालिकेचं रजिस्टर तुमच्या बाजूने बोलणार नाही. तुमच्या फाइलच्या तारखा तुम्हालाच राखाव्या लागतील.

म्हणून पहिलं काम महापालिकेत जाण्याचं नाही. आर्किटेक्टच्या कार्यालयात जा, त्यांच्या शेजारी बसा आणि ऑनलाइन प्रणालीत त्यांचं लॉगिन उघडायला सांगा. अर्ज आता कुणाच्या नावावर दिसतो ते स्वतः पाहा. 'महापालिकेत अडकलंय' असं म्हणतात त्यातल्या बऱ्याच फाइली खरं तर आर्किटेक्टच्या लॉगिनला पडून असतात. क्वेरी आलेली असते, पण सुधारित ड्रॉइंग काढणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो, किंवा फीचा पुढचा हप्ता दिलेला नसतो आणि संकोचाने कुणी बोलत नाही. कधी चलन निघालेलं असतं आणि मालकाला कळवलेलंच नसतं. विकास शुल्क, प्रीमियम, एक टक्का कामगार उपकर हे भरल्याशिवाय प्रारंभ प्रमाणपत्र निघत नाही, त्यामुळे तत्त्वतः मंजूर झालेली फाइलसुद्धा तिथे थांबते. त्या पडद्याचा प्रत्येक टप्प्याच्या तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. तीन भावांपैकी एकाने एक वही घालावी आणि त्यात तारीख, काय मागितलं, काय दिलं, आवक क्रमांक काय, एवढंच लिहावं. पुढे मी जे उपाय सांगणार आहे ते सगळे या वहीवर चालतात.

आता क्वेऱ्यांकडे वळू. गावठाणातल्या जुन्या मिळकतीला ज्या क्वेऱ्या येतात त्या जवळपास ठरलेल्या असतात, त्यामुळे त्यांना नशिबावर सोडायची गरज नाही. सगळ्यात पहिली क्षेत्रफळाची. मिळकत पत्रिकेवर एक आकडा, भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशात दुसरा, आणि जागेवर शेजाऱ्याची भिंत आत सरकल्यामुळे तिसरा. अशा वेळी सर्वांत कमी क्षेत्र धरून चटईक्षेत्र, म्हणजे जागेवर एकूण किती बांधता येईल ते, काढलं जातं. जास्तीच्या आकड्यावर नकाशा काढला असेल तर तो परत येणारच, कितीही ओळखी असल्या तरी. दुसरी क्वेरी नावांची: आजोबांचं नाव अजून पत्रिकेवर, एका बहिणीचं हक्कसोडपत्र झालेलं पण नोंद नाही. तिसरी रस्त्याची. विकास आराखड्यात तुमच्यासमोरचा बोळ रुंद दाखवलेला असतो, जागेवर तो निम्मा असतो, आणि उंची व मजले ठरतात रस्त्याच्या रुंदीवर. रस्तारुंदीत जाणारी पट्टी आधी सोडून मगच नकाशा काढावा लागतो, आणि तिचा मोबदला टीडीआरने (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) की त्याच जागेवरच्या चटईक्षेत्राने हे त्याच वेळी ठरवून टाकलेलं बरं. चौथी क्वेरी भाडेकरूंची, असतील तर.

मोजणीचं काम महापालिकेच्या हातात नाही, ते राज्य शासनाच्या भूमी अभिलेख खात्याचं. तिथे प्रकरण रेंगाळलं तर २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा कामाला येतो. शासकीय कर्मचाऱ्याने फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असं त्यात आहे. एका साध्या पत्रात या कायद्याचा उल्लेख केला की गाडी हलते, असा माझा अनुभव आहे. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाच्या शेजारी जागा असेल तर विषय आणखी वेगळा. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतरच परवानगी, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आली. पुण्यातल्या पेठांमधले कितीतरी वाडे याच वर्तुळांत आहेत. तिथे महापालिकेच्या साठ दिवसांवर डोळा ठेवून उपयोग नाही. सक्षम प्राधिकाऱ्याने पंधरा दिवसांत प्रकरण पुढे पाठवायचं, प्राधिकरणाने दोन महिन्यांत कळवायचं, मग एका महिन्यात निर्णय, असा त्या कायद्यातला वेगळाच काळ चालतो. हे ना-हरकत पत्र हातात नसताना महापालिकेत अर्ज दाखल केला तर फाइल क्वेरीतच राहणार आणि दोष मात्र निरीक्षकाला लागणार. झाडांचंही असंच. आवारात मोठं झाड असेल तर ते नकाशात दाखवा. वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपेक्षा जुनं झाड हेरिटेज वृक्षात मोडतं, आणि घरामागचा आंबा बहुतेक तेवढा असतोच.

तुमची खरी तक्रार आहे ती क्वेरी तुकड्यातुकड्यांनी येते याची. पहिली पुरी केली की दुसरी. यावर नियमांतच उत्तर आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, म्हटलं आहे की आधी काढलेल्या त्रुटी दूर करून नकाशा पुन्हा सादर केल्यावर साधारणपणे नवीन आक्षेप काढू नयेत; काढायचेच असतील तर तशी परिस्थिती नोंदवून काढावेत. म्हणून दुसऱ्या क्वेरीचं उत्तर देताना सोबतच्या पत्रात हे एक वाक्य घालायचं. 'आपल्या अमुक तारखेच्या पत्रातील सर्व त्रुटींची पूर्तता केली आहे, नियमावलीनुसार आता नवीन आक्षेप असल्यास कारण नोंदवून सर्व एकत्रित कळवावेत.' स्वर नम्र ठेवा, धमकी नको. कारण नोंदवायचं म्हटल्यावर अधिकारी विचार करून लिहितो.

महापालिकांनी आपल्या बाजूने काहीच केलं नाही असंही म्हणता येणार नाही. नकाशे संगणकावर तपासणारी ऑटोडीसीआर प्रणाली आली तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता संपलं सगळं. चटईक्षेत्राची बेरीज, सामासिक अंतरं, जिन्याची रुंदी हे यंत्र झटपट तपासतं, यात वाद नाही. पण विलंब त्या बेरजेत कधीच नव्हता. तो होता मालकीच्या कागदात, ना-हरकत पत्रांत आणि 'वरच्यांना विचारून सांगतो' यात. ते यंत्राला तपासता येत नाही. उलट ड्रॉइंगमधल्या लेअरचं नाव चुकलं म्हणून फाइल परत येण्याचा एक नवा प्रकार सुरू झाला.

मुंबईचं उदाहरण बघण्यासारखं आहे. जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या यादीत बांधकाम परवान्यांसाठी भारत २०१८ च्या अहवालात १८१ व्या क्रमांकावर होता, पुढच्या वर्षी ५२ व्या आणि २०२० च्या अहवालात २७ व्या. हे मोजमाप फक्त मुंबई आणि दिल्लीवरून होत असे. दोन्ही शहरांतल्या महापालिकांनी टप्पे कमी केले, ना-हरकती एका अर्जात आणल्या, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मोजलं जायचं ते एक नमुन्याचं दोन मजली गोदाम, मालकी स्वच्छ, भाडेकरू नाहीत, शेजारी स्मारक नाही. तुमचं घर गोदाम नाही. आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे बँकेने २०२१ मध्ये ती यादीच बंद केली.

मला जास्त उपयोगी वाटते ती जोखमीनुसार परवानगी. यूडीसीपीआरप्रमाणे १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याने ठरलेले कागद आणि शुल्क दिलं की त्या पोचपावतीवरच काम सुरू करता येतं, आणि १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. इथे महापालिकेने आपला भार आर्किटेक्टच्या सहीवर टाकला आहे, आणि घराचा नकाशा चारचौघांसारखा असेल तर ते योग्यच आहे. तुमची जागा चारशेची, म्हणजे तुम्ही यात बसत नाही. तिघा भावांनी वाटणी करून तीन तुकडे केले तर बसू, हा विचार तुमच्या डोक्यात येईल, म्हणून आधीच सांगतो: पोटविभागणीला स्वतंत्र मंजुरी लागते, आणि तीन अरुंद पट्ट्यांत अंतरं सोडल्यावर बांधायला जिन्याएवढी जागा उरते.

आता औपचारिक उपाय, ज्या क्रमाने मी स्वतः वापरतो त्या क्रमाने. प्रथम कार्यकारी अभियंत्याची वेळ घेऊन, आर्किटेक्टला सोबत घेऊन, समोरासमोर बैठक. वही न्यायची. 'माझं काम का होत नाही' असं विचारू नका. 'या तारखेला या त्रुटी पुऱ्या केल्या, आता काय बाकी आहे ते लिहून द्या' असं विचारा. लिहून मिळालं नाही तर बैठकीचा वृत्तांत तुम्हीच त्या संध्याकाळी पत्राने आवकला द्या.

त्यानंतर लोकसेवा हक्क. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली बांधकाम परवाना ही अधिसूचित सेवा आहे. कार्यालयात फलक असतो: सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी, पहिला आणि दुसरा अपिलीय प्राधिकारी. मुदत संपली किंवा अर्ज नाकारला की तीस दिवसांत पहिलं अपील. वकील लागत नाही. अपिलात कसूर सिद्ध झाली तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून, आणि तिसरं अपील थेट राज्य आयोगाकडे. रक्कम किरकोळ आहे हे खरं. पण आपल्या नावावर अपील नोंदलं जाणं अधिकाऱ्याला आवडत नाही, आणि औषध तिथेच लागू पडतं. माहिती अधिकाराचा अर्ज याच सोबत टाका, फक्त प्रश्न नेमका ठेवा: माझ्या प्रकरणातील टिपणीच्या सर्व पानांच्या प्रती. त्यात कुणी काय शेरा मारला आणि फाइल कुठे किती दिवस थांबली ते दिसतं.

आणि एक गोष्ट जी अशिलांना पटवायला मला सगळ्यात जड जातं. नकाराला घाबरू नका, गरज पडली तर लेखी नकार मागा. नाकारताना कारणं लिहिणं बंधनकारक आहे, आणि लेखी नकारावर कलम ४७ खाली चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. नुसत्या क्वेरीवर असं काही करता येत नाही. रस्त्याच्या रुंदीसारखा खराखुरा वाद असेल तर तो सहा क्वेऱ्यांत घोळवण्यापेक्षा एका नकारात येऊ दे. उच्च न्यायालयात रिट हा शेवटचा मार्ग. तिथे सहसा 'अर्जावर इतक्या आठवड्यांत निर्णय घ्या' असा आदेश मिळतो. परवानगी मिळत नाही. चार मजल्यांच्या घरासाठी तो खर्च करायचा की नाही हे घरात बसून ठरवा.

'आचारसंहिता आहे' हे उत्तर मिळालं तर मान डोलावून परत येऊ नका. नेहमीच्या वैयक्तिक बांधकाम परवानग्या आचारसंहितेने थांबत नाहीत. माणसं निवडणूक कामाला गेली आहेत, हे मात्र खरं असू शकतं. मार्चमध्ये याच्या उलट: बांधकाम खात्याकडून वर्षाचं उत्पन्न गाठायचं असतं, त्यामुळे चलनाच्या टप्प्यावरच्या फाइली पळतात. जानेवारीपर्यंत तुमच्या सगळ्या त्रुटी पुऱ्या असतील तर या घाईचा फायदा घ्या.

पैशाचं कुणी सुचवेल, कदाचित तुमच्याच माणसांतून कुणी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. शिवाय पैसे देऊन सुटते ती टेबलावरची अडवणूक. क्षेत्रफळाची तफावत तशीच राहते आणि भोगवट्याच्या वेळी पुन्हा वर येते.

राहिलं जुनं घर उतरवण्याचं. प्रारंभ प्रमाणपत्र हातात येईपर्यंत एक कौलसुद्धा काढू नका. भाडेकरू असतील तर त्यांच्या ताब्यातलं क्षेत्र आणि जुन्या अधिकृत बांधकामाचं क्षेत्र हे पुनर्विकासाच्या चटईक्षेत्राच्या हिशेबात येतं, आणि घर नाहीसं झालं की ते सिद्ध करायला फक्त कर आकारणीच्या जुन्या उताऱ्यांची थप्पी उरते. स्मारकाच्या १०० मीटरच्या आत असाल तर धोका याहून मोठा: तिथे कायदा १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीच्या दुरुस्तीची आणि नूतनीकरणाची वाट ठेवतो, नव्या बांधकामाची नाही. घर पाडलंत तर दुरुस्त करायलाच काही उरत नाही, जागा मोकळी पडते. घर मोडकळीला आलं असेल आणि पावसाळ्याची भीती असेल तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या, महापालिकेला कळवून टेकू लावा, आणि पाडावंच लागलं तर त्याआधी प्रत्येक खोलीची मापं, आर्किटेक्टच्या सहीचा विद्यमान बांधकामाचा नकाशा आणि तारखेसह फोटो असा संच करून त्याची एक प्रत आवकला लावून ठेवा.